चिप प्रोग्रामर नेमका कुठे अडतो? चुकलेले बाइट वाचून दोष शोधण्याची पद्धत

१९८०च्या दशकापासून साधारण १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनलेल्या अनेक गाड्यांच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकात, इंधन किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची याचे तक्ते, म्हणजे मॅप, एका वेगळ्या मेमरी चिपमध्ये असतात. बहुतेक वेळा ती २८ पिनांची २७सी२५६ किंवा २७सी५१२ असते, काही ठिकाणी २७सी१२८. ट्यूनिंग म्हणजे या चिपमधली फाइल वाचायची, मॅप बदलायचा, नवी फाइल दुसऱ्या चिपवर लिहायची आणि ती चिप ईसीयूत बसवायची. लिहिण्याचं काम चिप प्रोग्रामर करतो. तो बिनसला की स्क्रीनवर ‘व्हेरिफाय फेल’ (लिहिलेलं आणि परत वाचलेलं जुळत नाही) किंवा ‘डिव्हाइस नॉट फाउंड’ एवढंच दिसतं आणि लोक नवा प्रोग्रामर मागवायच्या तयारीला लागतात.

त्याआधी थोडं थांबा. प्रोग्रामर स्वतः जळल्याची प्रकरणं कमी असतात. दोष बहुधा केबल, ड्रायव्हर, सॉकेटमधला कॉन्टॅक्ट, चुकीचा निवडलेला पार्ट नंबर, नीट न पुसलेली चिप किंवा चुकीच्या जागी लिहिलेली फाइल यांत असतो. यातलं नेमकं काय, हे प्रोग्रामरचा मेसेज सांगत नाही. चिपमधून परत वाचलेले बाइट मात्र सांगतात.

लिहिण्याआधी वाचून पाहा

चालू गाडीतून काढलेली, नक्की चांगली असलेली एक चिप घ्या. ती वाचा आणि फाइल सेव्ह करा. चिप सॉकेटमधून काढा, पुन्हा बसवा, पुन्हा वाचा, दुसऱ्या नावाने सेव्ह करा. आता कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे बाइट १६ अंकांच्या (० ते ९ आणि ए ते एफ) हेक्स पद्धतीत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन्ही फाइलींची तुलना करा. एका बाइटचाही फरक दिसता कामा नये.

एवढ्या साध्या चाचणीतून बरंच कळतं, कारण चिप वाचायला फक्त ५ व्होल्ट लागतात, तर बहुतेक चिपांवर लिहायला, आणि काही चिपा विजेने पुसायला, १२ व्होल्टच्या आसपासचं वेगळं व्होल्टेज लागतं. वाचन दरवेळी सारखं येतं पण लेखन फसतं, तर व्होल्टेज, पुसणं किंवा पार्ट नंबर तपासा. वाचनच दरवेळी वेगळं येतं, तर कॉन्टॅक्ट किंवा पॉवर. आणि सॉफ्टवेअरला प्रोग्रामर सापडतच नसेल, तर चिपचा विषयच नाही, संगणकाकडे वळा.

मूळ चिप वाचताना ‘आयडी चेक’, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक तपासणं, बंद ठेवलेला बरा. आयडी वाचताना प्रोग्रामर ए९ या पिनवर सुमारे १२ व्होल्ट देतो. नव्या ईप्रॉमना (लिहिता-पुसता येणाऱ्या चिपांना) ते चालतं, पण कारखान्यातच डेटा भरलेल्या मास्क रॉमला किंवा फार जुन्या चिपला ते सोसेलच असं नाही. मूळ चिपची फाइल हाती येईपर्यंत तिच्यावर कसलाही प्रयोग नको.

संगणक आणि प्रोग्रामर

इथे फार वेळ घालवू नका. आधी केबल बदला. फोनसोबत येणाऱ्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात, पण प्रोग्रामरवरचा दिवा मात्र लागतो. यूएसबी हब काढून टाका. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबमधून प्रत्येक पोर्टला जेमतेम १०० मिलिअँपिअर मिळतात, संगणकाच्या यूएसबी २ पोर्टवर ५०० मिळतात. प्रोग्रामर याच ५ व्होल्टमधून वरचं व्होल्टेज तयार करतो, त्यामुळे वाचताना सगळं ठीक आणि लिहायला लागलं की कनेक्शन तुटतं, असं झालं तर पहिला संशय हबवर घ्या.

डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि प्रोग्रामरची केबल काढून पुन्हा लावा. यादीत काहीच हललं नाही तर केबल किंवा प्रोग्रामरचा यूएसबी भाग. पिवळं चिन्ह आलं तर ड्रायव्हर. जुन्या प्रोग्रामरचे डिजिटल सही नसलेले ड्रायव्हर ६४ बिट विंडोज नाकारतं. प्रोग्रामर कॉम पोर्ट म्हणून दिसत असेल तर त्याचा नंबर पाहा. कित्येक जुन्या सॉफ्टवेअरना कॉम १० आणि त्यापुढचे पोर्ट उघडताच येत नाहीत. पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन ३ ते ८ मधला मोकळा नंबर द्या. एफटीडीआय चिपवर चालणारा प्रोग्रामर खूपच हळू चालत असेल तर तिथेच लेटन्सी टायमर १६ मिलिसेकंदांवरून १ वर आणा.

प्रिंटर पोर्टवर चालणारे जुने प्रोग्रामर अजून वापरात आहेत. यूएसबीतून प्रिंटर पोर्ट देणाऱ्या अडॅप्टरवर ते चालत नाहीत, कारण सॉफ्टवेअर थेट पोर्टच्या पत्त्यावर, सहसा हेक्स ३७८ वर, एकेक बिट हलवतं आणि त्या अडॅप्टरमध्ये असा पत्ताच नसतो. इथे खटपट करून उपयोग नाही, खरा पोर्ट असलेला जुना संगणकच हवा.

चिप सॉकेटमध्ये बसवताना

प्रोग्रामरवर बहुधा लिव्हरचं झिफ सॉकेट असतं, ३२ किंवा ४० पिनांचं. २८ पिनांची चिप त्यात बसवली की काही खाच्या रिकाम्या राहतात. त्या लिव्हरच्या बाजूला सोडायच्या की विरुद्ध बाजूला, हे प्रोग्रामरप्रमाणे बदलतं. सॉफ्टवेअर पार्ट निवडल्यावर चित्र दाखवतं, ते पाहून बसवा. एक खाच सरकली तरी ब्लँक चेक (चिप कोरी आहे का याची तपासणी) ‘पास’ होऊ शकतो, कारण डेटाच्या तारा अधांतरी असल्या तर बऱ्याच प्रोग्रामरना तिथे नुसते एफएफ दिसतात आणि कोऱ्या चिपमध्येही एफएफच असतात.

चिप उलटी बसवणं याहून महागात पडतं. २८ पिनांच्या चिपमध्ये पिन १४ ग्राउंड आणि पिन २८ पॉवर. चिप अर्धा फेरा फिरवून बसवली की या दोन पिना बरोबर एकमेकींच्या जागी येतात, म्हणजे पुरवठा पूर्ण उलटा. चिप काही सेकंदांत तापते. बोटाला चटका बसला तर लगेच बंद करा. ती चिप कदाचित वाचेलही, पण गाडीत लावायला विश्वासाची राहिली नाही.

नव्या चिपचे पाय थोडे बाहेरच्या बाजूला पसरलेले असतात. दोन ओळींत १५.२४ मिलिमीटर अंतर हवं. चिप आडवी धरून एका ओळीचे सगळे पाय टेबलाच्या सपाट पृष्ठभागावर एकदम हलके दाबले की ते सरळ होतात. स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढलेल्या चिपचे कोपऱ्यातले पाय, म्हणजे १, २, १४, १५, २७, २८, सर्वांत आधी वाकतात. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे कामाला येतील. गाडीतून काढलेल्या चिपच्या पायांवर काळपट थर असेल तर पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. झिफ सॉकेटमध्ये अल्कोहोलचे दोन-तीन थेंब टाकून, रिकाम्या सॉकेटची लिव्हर दहा-बारा वेळा वर-खाली करा आणि पूर्ण सुकू द्या.

चौकोनी पीएलसीसी चिपसाठी अडॅप्टर वापरत असाल तर एक खोच आहे. २७सी२५६ आणि २७सी५१२ यांच्या ३२ पायांच्या पीएलसीसी रूपात चार पाय रिकामे असतात. २७सी०१० मध्ये तसं नसतं, तिचा एकच पाय रिकामा असतो. त्यामुळे दोघींसाठी अडॅप्टर वेगळे लागतात, आणि दिसायला ते अगदी सारखे असतात. चुकीचा अडॅप्टर लावला की आयडी वाचनापासूनच सगळं चुकतं.

चुकलेला बाइट काय सांगतो

व्हेरिफाय फसला की बरेच जण ‘पुन्हा लिहा’ हे बटण दाबत बसतात. त्याऐवजी चिप परत वाचा आणि मूळ फाइलशेजारी ठेवून तुलना करा. फरक कुठल्या पत्त्यांवर आहे, आणि प्रत्येक ठिकाणी कुठला बिट बदललाय, या दोनच गोष्टी बघायच्या.

समजा फाइलमध्ये हेक्स ४ए आहे आणि चिपमधून ४२ आलं. बायनरीत ४ए म्हणजे ०१००१०१० आणि ४२ म्हणजे ०१००००१०. फरक एकाच बिटचा, ज्याची किंमत ०८ आहे, म्हणजे डेटा लाइन डी३. आणखी पाच-सहा चुका तपासा. सगळीकडे तोच डी३ बिट गेला असेल, तर चिपमधल्या हजारो पेशी एकाच वेळी एकाच बिटला मेल्या असं होत नाही. डी३ची तारच नीट लागत नाहीये. २८ पिनांच्या या चिपांमध्ये डी० ते डी२ म्हणजे पिन ११, १२, १३, मग १४ ग्राउंड, आणि डी३ ते डी७ म्हणजे १५ ते १९. तेव्हा पिन १५ बघा. कोपऱ्यातला पाय, उचकटताना वाकलेला.

आता उलट स्थिती. चुका वेगवेगळ्या बिटांत विखुरल्या आहेत, पण सगळ्यांची दिशा एकच आहे. इथे चिपचा एक स्वभाव माहीत हवा. कोऱ्या चिपमध्ये सगळे बिट १ असतात, म्हणून प्रत्येक बाइट एफएफ दिसतो. लिहिताना १ चा ० करता येतो, ० चा १ करता येत नाही, त्यासाठी पुसावंच लागतं. म्हणजे जिथे १ हवा होता तिथे ० मिळाला, तर चिपमध्ये आधीचा डेटा शिल्लक आहे: पुसलीच नाही किंवा अर्धवट पुसली. आणि जिथे ० हवा होता तिथे १ मिळाला, तर लिहिण्याचा जोर कमी पडला: प्रोग्रामिंग व्होल्टेज कमी आहे, पल्स छोटा आहे किंवा चिप थकली आहे. ही एक दिशा ओळखता आली की अर्धा तास वाचतो.

पत्त्यांच्या तारांचा दोष वेगळा दिसतो. एखादी पत्त्याची पिन लागत नसेल तर चिपला दोन वेगळे पत्ते एकच वाटतात, आणि वाचलेल्या फाइलमध्ये तुकडे पुन्हा पुन्हा येतात. ४०९६ बाइटचा एक तुकडा लागोपाठ दोनदा तसाच आला, म्हणजे ०००० ते ०एफएफएफ मध्ये जे आहे तेच १००० ते १एफएफएफ मध्ये, तर ए१२ गेली, म्हणजे पिन २. पुन्हा कोपऱ्याजवळचाच पाय. १२८ बाइटचे तुकडे दुहेरी येत असतील तर ए७, पिन ३. फाइलचे १६ किलोबाइटचे दोन भाग अगदी जुळे असतील तर ए१४, पिन २७. मात्र मूळ फाइलच दुहेरी लिहिलेली नाही ना, हे आधी बघा.

दोन शेजारच्या डेटा लाइन नेहमी सारख्याच वागत असतील, म्हणजे डी० आणि डी१ प्रत्येक बाइटमध्ये दोन्ही ० किंवा दोन्ही १, तर कुठेतरी कथलाचा पूल झालाय, सॉकेटच्या खाली पाहा. आणि दरवेळी वाचताना चुका वेगळ्याच पत्त्यांवर, वेगळ्याच बिटांत येत असतील, तर पिनेचा माग काढू नका. ते ग्राउंड, पॉवर किंवा केबलचं काम आहे.

सगळीकडे एफएफ आलं तर तीन शक्यता: चिप खरंच कोरी आहे, चिप एक खाच सरकली आहे, किंवा तिला पॉवरच नाही. सगळीकडे ०० आलं तर शॉर्ट किंवा उलटी चिप.

पुसणं

काचेची खिडकी असलेली २७सी मालिकेतली चिप अतिनील दिव्याखाली पुसावी लागते. तरंगलांबी २५३.७ नॅनोमीटर, एकूण मात्रा प्रति चौरस सेंटिमीटर १५ वॅट-सेकंद. दिव्याची तीव्रता १२,००० मायक्रोवॅट असेल आणि चिप अडीच सेंटिमीटरच्या आत ठेवली तर साधारण २० मिनिटं लागतात. दिवा जुना झाला की वेळ वाढतो. खिडकीवर लेबलचा चिकट थर राहिला असेल तर त्याखालचा भाग पुसलाच जात नाही; अल्कोहोलने काच चकचकीत करा, मग दिव्याखाली ठेवा. ब्लँक चेक पास झाल्याबरोबर चिप बाहेर काढू नका, आणखी काही मिनिटं राहू द्या. काठावर पुसलेला बिट खोलीच्या तापमानाला १ वाटतो आणि गरम ईसीयूत घोटाळा करतो. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका. लिहून झाल्यावर खिडकीवर प्रकाश न जाऊ देणारं लेबल लावा. थेट उन्हात उघडी चिप साधारण आठवड्याभरात पुसली जाऊ शकते, ट्यूबलाइटखाली त्याला काही वर्षं लागतात.

खिडकी नसलेली प्लास्टिकची २७सी२५६ एकदाच लिहिता येते. तिला कुठलाही दिवा लावा, काही होणार नाही.

ट्यूनिंगवाल्यांची आवडती चिप म्हणजे एसएसटीची २७एसएफ५१२. हिची मांडणी २७सी५१२ सारखीच, पण ही विजेने पुसता येते, दिव्याची गरज नाही. मात्र पुसायला पिन २२ आणि ए९ म्हणजे पिन २४, या दोन्हींवर साधारण १२ व्होल्ट लागतात. सॉफ्टवेअरमध्ये नुसता ‘२७सी५१२’ हा पार्ट निवडला तर कोऱ्या चिपवर पहिलं लेखन सुरळीत होईल आणि दुसऱ्या वेळी फसेल, कारण २७सी५१२च्या यादीत विजेने पुसण्याची आज्ञाच नसते. नवीन लोक इथे हमखास अडकतात, आणि ‘चिप एकदाच चालली, मग खराब झाली’ असं सांगतात. पार्ट नंबर बरोबर निवडला, पुसण्याची आज्ञा दिली, तरी ब्लँक चेक फसतो, तर आयडी वाचा. खऱ्या चिपचा आयडी बीएफ आणि ए४ असा येतो. दुसराच काही आला तर वरची छपाई घासून नवं नाव टाकलेली चिप हाती आली आहे. अशा चिपा बाजारात बऱ्याच फिरतात. ॲसिटोनचा बोळा फिरवल्यावर अक्षरं निघून आली आणि काळा रंग कापसाला लागला, तर शंका उरत नाही.

अ‍ॅटमेलची २९सी२५६ पूर्ण ५ व्होल्टवर चालते. ती ६४ बाइटच्या पानांत लिहिली जाते आणि पान लिहितानाच आपोआप पुसलं जातं. हिच्यात सॉफ्टवेअर डेटा प्रोटेक्शन असतं. ते चालू असताना प्रोग्रामरने आधी उघडण्याचा संकेत दिला नाही तर चिप लेखन मुकाट्याने नाकारते, कसलाही एरर नाही, आणि परत वाचल्यावर जुनाच डेटा मिळतो. हिच्याऐवजी नाव मिळतंजुळतं आहे म्हणून २८सी२५६ वापरू नका. २९सी२५६ मध्ये पिन १ राइट (लेखनाचा इशारा देणारी) आणि पिन २७ ए१४ आहे, २८सी२५६ मध्ये नेमकं उलटं. ईसीयूच्या सॉकेटमध्ये ती बसवली तर ए१४ कायमची वर अडकते आणि ईसीयूची पत्त्याची तार चिपच्या राइट पिनवर जाते.

प्रोग्रामिंग व्होल्टेज

या व्होल्टेजला व्हीपीपी म्हणतात. आजच्या बहुतेक २७सी२५६ आणि २७सी५१२ चिपांना ते १२.५ ते १३ व्होल्ट लागतं, उत्पादकाप्रमाणे थोडं इकडे-तिकडे. जुन्या चिपांचं तसं नाही: २७३२ला २५ व्होल्ट, २७३२एला २१, २७६४ला २१, २७६४एला १२.५. शेवटच्या ‘ए’कडे दुर्लक्ष करून जास्त व्होल्टेज दिलं की चिप तिथेच संपते. कमी दिलं तर नुसतीच लिहिली जात नाही. म्हणून शंका असेल तर खालच्या आकड्यापासून सुरुवात करा.

मोजायचं कसं? २७सी२५६ मध्ये व्हीपीपी पिन १ वर येतं आणि लेखन चालू असेपर्यंत तिथेच टिकतं, त्यामुळे साध्या मल्टिमीटरवर वाचता येतं. काळा प्रोब पिन १४ वर, लाल पिन १ वर, आणि लेखन सुरू करा. १२.५च्या जागी ११ किंवा त्याहून कमी दिसलं तर पुरवठा कमी पडतोय. २७सी५१२ मध्ये मात्र पिन १ ही ए१५ आहे आणि व्हीपीपी पिन २२ वर येतं. तिथे ते लिहिताना वर आणि तपासताना खाली, असं सतत बदलतं, म्हणून मीटर अधलामधला आकडा दाखवतो. तो पाहून घाबरू नका. सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर टेस्ट असेल तर सॉकेट रिकामं ठेवून तिथून व्हीपीपी स्थिर करा आणि मग मोजा, किंवा ऑसिलोस्कोप लावा.

व्होल्टेज कमी येत असेल तर आधी यूएसबी पोर्ट बदला. बाहेरचा अडॅप्टर लागणारा प्रोग्रामर असेल तर अडॅप्टरचं व्होल्टेज आणि ध्रुवीयता तपासा. त्यानंतरच बोर्डावरचं व्होल्टेज वाढवणारं सर्किट बघायचं. स्वस्त बोर्डांवर ते बहुतेक एमसी३४०६३ या आयसीवर असतं आणि त्याच्याजवळचा फुगलेला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर हा नेहमीचा गुन्हेगार.

आणखी एक बारीक मुद्दा. लिहिताना चिपची मुख्य पॉवर ५ नव्हे तर ६ ते ६.५ व्होल्टवर न्यावी, असं चिपच्या डेटाशीटमध्ये सांगितलेलं असतं. त्या वरच्या व्होल्टेजवरही व्हेरिफाय पास झाला म्हणजे बिट पक्का लिहिला गेला. काही स्वस्त प्रोग्रामर ५ व्होल्टवरच सगळं उरकतात. त्यांचा व्हेरिफाय पास झाला तरी काठावरचे बिट राहून जातात. प्रोग्रामरमध्ये ४.५ आणि ५.५ अशा दोन व्होल्टेजवर तपासण्याची सोय असेल तर ती वापरा.

फाइल ठीक, जागा चुकली

व्हेरिफाय पास, चेकसम जुळला, चिप ईसीयूत बसवली आणि गाडी मेलेली. अशा वेळी चिपपेक्षा पत्त्याचा दोष असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तो समजून घेतला की पुन्हा होत नाही.

२७सी२५६ मध्ये ३२,७६८ बाइट बसतात, २७एसएफ५१२ मध्ये ६५,५३६. ३२ किलोबाइटची फाइल मोठ्या चिपच्या सुरुवातीपासून, म्हणजे ०००० पासून लिहिणं स्वाभाविक वाटतं. पण ईसीयूचं सॉकेट २७सी२५६ साठी बनलंय. त्यातली पिन १, म्हणजे छोट्या चिपची व्हीपीपी पिन, बोर्डवर ५ व्होल्टला जोडलेली असते. मोठ्या चिपला तीच पिन ए१५ आहे. म्हणजे ए१५ कायम १ आणि ईसीयूला दिसतो तो फक्त वरचा अर्धा भाग, हेक्स ८००० ते एफएफएफएफ. तुमची फाइल खालच्या भागात पडून आहे आणि ईसीयूला नुसते एफएफ दिसताहेत.

उपाय: फाइल बफरमध्ये (प्रोग्रामर सॉफ्टवेअरच्या मेमरीत) भरताना ऑफसेट, म्हणजे सुरुवातीचा पत्ता, ८००० द्या. किंवा फाइल एकापाठोपाठ एक अशी दोनदा जोडून ६४ किलोबाइटची करा आणि तीच लिहा. दुसरा उपाय जास्त बरा, कारण ए१५ वर असो की खाली, ईसीयूला तोच डेटा मिळतो. (पिन १ सॉकेटमधून वेगळी करून स्विचवर घेतली आणि दोन भागांत दोन वेगळे मॅप लिहिले, की एकाच चिपमध्ये दोन ट्यून ठेवता येतात. स्विच इंजिन बंद असतानाच फिरवायचा.)

२७सी१२८ च्या सॉकेटमध्ये हेच एक पायरी पुढे जातं. तिथे पिन २७ ही प्रोग्राम पिन असते आणि तीही वर बांधलेली असते. मोठ्या चिपला ती ए१४. दोन्ही पत्ते वर, म्हणून १६ किलोबाइटची फाइल सी००० पासून लिहायची, किंवा चार वेळा जोडायची.

चेकसमबद्दल गैरसमज बरेच आहेत. प्रोग्रामर दाखवतो तो बफरमधल्या सगळ्या बाइटची नुसती बेरीज असते. ३२ किलोबाइटची फाइल ६४ किलोबाइटच्या बफरमध्ये घेतल्यावर उरलेला भाग एकाने एफएफने भरला आणि दुसऱ्याने ००ने, तर १६ बिटच्या बेरजेत बरोबर हेक्स ८००० चा फरक पडतो. दोघांची फाइल तीच असते. अनेक ईसीयू फाइलच्या आत आपला वेगळा चेकसम ठेवतात आणि चालू होताना तो पडताळतात. मॅप बदलल्यावर तो नव्याने काढावा लागतो, आणि ते काम ट्यूनिंग सॉफ्टवेअरचं आहे, प्रोग्रामरचं नाही.

फाइलचा प्रकारही बघून घ्या. ३२ किलोबाइटच्या बिन फाइलचा आकार बरोबर ३२,७६८ बाइट असतो. तीच फाइल इंटेल हेक्स स्वरूपात, १६ बाइटच्या ओळींनी, सुमारे ९२,००० बाइटची होते, कारण ती मुळात मजकूर असते. ती बिन म्हणून उघडली तर बफरचा पहिला बाइट ३ए येतो, म्हणजे अपूर्णविरामाचं चिन्ह. पहिल्या बाइटमध्ये ३ए आणि पाठोपाठ ३१ ३० दिसलं की फाइल परत उघडा आणि स्वरूप ‘इंटेल हेक्स’ निवडा.

चिप बरोबर, तरी इंजिन चालत नाही

चिप बदलताना इग्निशन बंद आणि बॅटरीचं ऋण टोक काढलेलं असावं. मूळ चिप परत लावून गाडी चालते का, हे आधी पाहा. मूळ चिपवरही चालत नसेल तर प्रोग्रामर निर्दोष आहे.

होंडाच्या पी२८ सारख्या ईसीयूमध्ये बाहेरच्या चिपची जागा मुळात रिकामी असते. सॉकेटबरोबर ७४एचसी३७३ हा लॅच (पत्ता धरून ठेवणारी आयसी) आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचे दोन कपॅसिटर बसवावे लागतात आणि बाहेरची चिप वाचावी यासाठी जे१ हा जंपर जोडावा लागतो. इग्निशन चालू केल्यावर चेक इंजिनचा दिवा दोन सेकंदांनी विझायला हवा आणि इंधन पंपाची घरघर ऐकू यायला हवी. दिवा तसाच राहिला आणि पंप गप्प, तर ईसीयू चिपमधला कार्यक्रम चालवतच नाहीये. लॅचच्या २० आणि सॉकेटच्या २८ पायांचा सांधा भिंगाखाली तपासा.

फोर्डच्या ईईसी-४ मध्ये चिपचं मॉड्यूल जे३ या कडेच्या कनेक्टरवर बसतं. त्या पट्ट्यांवर कारखान्यातला संरक्षक थर असतो. तो पूर्ण काढल्याशिवाय कॉन्टॅक्ट भरवशाचा होत नाही, आणि खड्ड्यात गेल्यावर झटका देणाऱ्या इंजिनाचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. मित्सुबिशीच्या त्याच काळातल्या ईसीयूमध्ये इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर गळून बोर्डवरचे ट्रॅक खातात. झाकण उघडल्यावर मासळीसारखा वास आला तर चिपचा विचार नंतर करा.

गाडी थंड असताना सुरू होते आणि गरम झाल्यावर अडखळते, असं असेल तर चिपच्या नावामागचा आकडा पाहा. ‘-१५’ म्हणजे १५० नॅनोसेकंद, ‘-७०’ म्हणजे ७०. मूळ चिपपेक्षा हळू चिप लावली तर थंडपणी ती कशीबशी वेळ साधते, पण तापल्यावर हळूच होते. मूळच्याइतकी किंवा त्याहून वेगवान चिप लावा, वेगवान असण्याने काही बिघडत नाही.

नव्या मॅपवर इंजिन सुरू झालं तरी लगेच पूर्ण थ्रॉटल देऊ नका. एअर-फ्युएल मीटर लावून आयडलला आणि हलक्या भारावर मिश्रण आधी बघा. चुकीच्या अर्ध्या भागातून किंवा एका बिटच्या चुकीसह वाचला जाणारा मॅप एखाद्या ठिकाणी इंधन अचानक कमी करू शकतो, आणि पूर्ण भारावर असं पातळ मिश्रण झालं तर पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात. आयडल स्थिर, ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली दुरुस्ती) मर्यादेत आणि नॉकचा आवाज नाही, एवढं पाहिल्यावर त्याच चिपची फाइल पुन्हा एकदा वाचून घ्या आणि तारीख घालून मूळ फाइलशेजारी ठेवा.